ग्वाल्हेरच्या मेळ्यातली सर्कस आणि रहिमतखाँसाहेब यांचा संबंध काय?

दौलतगंजकर

नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आमचे दौलतगंजचे जुने घर गेल्या महिन्यात रिकामे करावे लागले, आणि त्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या हाती आल्या. आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते आणि घरचा हिशेबही ते कचेरीच्या शिस्तीने ठेवीत असत. दूध, सरपण, शाळेची फी, वाण्याची उधारी, कीर्तनकाराची दक्षिणा असे सारे रोजच्या रोज ओळीने लिहिलेले आहे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी रक्कम आहे. अकारण लिहिलेला एकही शब्द त्या वह्यांत सापडत नाही.

म्हणूनच जानेवारी 1946 मधल्या एका नोंदीपाशी मी अडलो. ती नोंद अशी आहे: 'मेळ्यात सर्कस, चार तिकिटे, रु. 2. टांगा जाऊन येऊन, 12 आणे. परतताना ती. आबांनी रहिमतखाँसाहेबांची हकिकत सांगितली.' आबा म्हणजे आजोबांचे वडील, माझे पणजोबा. वर्षभराच्या हिशेबात रक्कम नसलेली ओळ ही एवढी एकच आहे. रहिमतखाँ हे हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेर घराण्याचे मोठे गवई, एवढे मला ठाऊक आहे. परंतु सर्कस पाहून घरी परतणाऱ्या माणसाला गवयाची आठवण का व्हावी, हे काही केल्या उलगडत नाही. घरात आता हे विचारावे असे वडीलधारे कोणी नाही. एक आत्या आहेत, त्या 86 वर्षांच्या असून भोपाळला असतात, आणि अजून त्यांच्याशी बोलणे झालेले नाही.

मी स्वतः मेळ्यातली सर्कस 1980 च्या दशकात पाहिली. तिची माझी पहिली आठवण तंबूची नाहीच. संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले की पूर्वेकडच्या आकाशात एक पांढरा झोत गोल फिरताना दिसत असे, आणि तो दिसला की 'सर्कस आली' हे कोणी सांगण्याची गरज उरत नसे. त्याआधीच्या काळातली सर्कस आपल्या शहरात कशी येत असे, कोठून येत असे, तिचा पसारा कसा मांडला जात असे, हेही कोणाला आठवत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

स्वरमंडल

आबांनी कोणती हकिकत सांगितली असेल, हे आपली नोंद वाचताक्षणीच माझ्या लक्षात आले. ग्वाल्हेरच्या गाणाऱ्या घरांत सर्कशीचा विषय निघाला की रहिमतखाँ, आणि रहिमतखाँचा विषय निघाला की विष्णुपंत छत्रे, ही दोन नावे एकापाठोपाठ येत असत. मी लहानपणी आमच्या गुरुजींच्या तोंडून ती अशीच ऐकली आहेत.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. तरुणपणी त्यांना घोडा आणि गाणे अशा दोनच गोष्टींचा ध्यास होता, आणि जयाजीराव शिंद्यांच्या काळात या दोन्ही विद्या उत्तम प्रतीच्या एकाच गावी मिळत होत्या. ते गाव आपले ग्वाल्हेर. येथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्यापाशी अश्वविद्येचे शिक्षण घेतले आणि हद्दूखाँसाहेबांकडे गायनाची तालीम घेतली. त्या काळी दक्षिणेतून गाणे शिकण्यासाठी हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरला येणे ही रीतच पडून गेली होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरही असेच येथे येऊन वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. विष्णुपंतांचे वेगळेपण असे की त्यांनी परत जाताना ख्यालाबरोबर घोड्याची विद्याही नेली. पुढे ते कुरुंदवाड संस्थानात अश्वशिक्षक म्हणून राहिले.

1879 मध्ये मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस आली होती. हिंदुस्थानात असे काम करणारा कोणी नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले आणि त्यांनी ते आव्हान स्वीकारले, असे सांगितले जाते. गोष्टीतला तिखटमीठ वगळला तरी निष्पन्न झाले ते निर्विवाद आहे: 1880 च्या सुमारास छत्रे यांची 'ग्रँड इंडियन सर्कस' उभी राहिली, आणि भारतीय माणसाने काढलेली ती पहिली सर्कस मानली जाते. तिच्या पाठोपाठ सांगली, मिरज, तासगाव या टापूतून देवल, कार्लेकर, परशुराम अशा सर्कशी निघाल्या आणि काही दशके हा धंदा जवळजवळ मराठी माणसांच्याच हाती राहिला.

येथे घोड्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आज आपण सर्कस म्हटले की वाघ, सिंह आणि झुला एवढेच आठवतो. सर्कशीचे मूळ घोड्यात आहे. लंडनमध्ये 1768 साली फिलिप ॲस्टली या घोडदळातल्या माजी अंमलदाराने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला प्रारंभ केला, तेथून आधुनिक सर्कस सुरू झाली. पुढे या रिंगणाचा व्यास 42 फूट असा ठरून गेला आणि जगभरच्या सर्कशींत तोच राहिला. यामागे घोडेस्वाराचा अनुभव आहे. घोडा गोलाकार धावू लागला की तो किंचित आतल्या बाजूला कलतो, आणि त्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वारही आतल्या बाजूला झुकतो. बाहेर फेकणारा जोर आणि आतला झोक यांचा मेळ बसला की स्वार पाठीवर खिळल्यासारखा उभा राहू शकतो. रिंगण फार लहान असेल तर घोड्याला मोकळेपणी पळता येत नाही, आणि फार मोठे असेल तर हा झोक मिळत नाही. विष्णुपंतांना हे गणित कोणी इंग्रजी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. घोडा गोल फिरवून तयार करणे हे प्रत्येक चाबुकस्वाराचे, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याचे, रोजचे काम होते, आणि ते त्यांनी ग्वाल्हेरला हात मोडेपर्यंत केलेले होते.

आता रहिमतखाँ. हद्दूखाँसाहेबांच्या पश्चात त्यांच्या या गुणी मुलाची फार परवड झाली. अफूचे व्यसन जडले, मनाचा तोल ढळला आणि ते काशीत निराधार अवस्थेत भटकत राहिले. विष्णुपंतांनी त्यांना शोधून काढले आणि आपल्याबरोबर नेले. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांचा मुलगा म्हणजे गुरुपुत्र, आणि गुरुपुत्राला रस्त्यावर राहू देणे त्यांच्या मनाला मान्य होण्यासारखे नव्हते. तेव्हापासून खाँसाहेब सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले. सर्कशीचा मुक्काम पडे तेथे त्यांच्या गाण्याच्या बैठका होत, आणि महाराष्ट्राने त्यांचा तो अलौकिक आवाज ऐकला तो असा. त्यांना 'भूगंधर्व' म्हणत. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गायकीवर त्यांचा जो परिणाम झाला तो जाणकारांना ठाऊकच आहे. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी सर्कसही सांभाळली आणि खाँसाहेबांनाही सांभाळले. 1922 मध्ये खाँसाहेब कुरुंदवाडलाच निवर्तले.

सर्कस ग्वाल्हेरला बाहेरून येत असे, असे आपण सारेच म्हणतो. मला ते अपुरे वाटते. तिच्यातली निदान एक विद्या येथल्याच पागेतून निघाली होती, आणि तिने येथल्याच एका घराण्याचा वारस जगवला होता. आपल्या पणजोबांना टांग्यात बसल्यावर तीच हकिकत सांगावीशी वाटली असणार.

मुरारवासी

स्वरमंडलजींनी फार मोलाची माहिती दिली. मी गाण्यातला माणूस नाही, परंतु सर्कस येताना कशी दिसे हे सांगू शकतो, कारण माझा जन्म 1951 चा आणि आमचे घर मुरारला, मेळ्याच्या मैदानापासून सायकलने दहा मिनिटांच्या अंतरावर होते.

प्रथम मेळ्याविषयी. माधवराव महाराजांनी 1905 मध्ये हा मेळा सुरू केला तेव्हा तो मुख्यतः जनावरांचा बाजार होता आणि सागरतालाजवळ भरत असे. रेसकोर्स रस्त्यावरच्या मैदानात तो नंतर आला. जनावरांसाठी पाणी, वैरण आणि मोकळी जागा यांची तेथे आधीपासून सोय होती, आणि सर्कशीला नेमके तेच लागते. शिवाय आसपासच्या मुलखातली माणसे आपण होऊन गोळा होत. सबलगढ, श्योपूर, भिंडकडची मंडळी छोट्या लाईनच्या गाडीने येत. दोन फुटी रुळांवरची ती गाडी इतकी हळू चाले की मुले धावत जाऊन तिच्यात चढत. हत्ती आणि वाघांचे पिंजरे त्या गाडीत मावण्यासारखे नव्हते, त्यामुळे सर्कस मोठ्या लाईनने ग्वाल्हेरला येऊन थांबे आणि खेड्यापाड्यातली माणसे छोट्या लाईनने तिच्याकडे येत.

माझ्या आठवणीत स्पष्ट आहे तो 1962 च्या थंडीतला मुक्काम. स्टेशनच्या मालधक्क्यावर पहाटे चारच्या सुमारास डबे रिकामे होऊ लागले. धुके इतके दाट होते की हत्ती दिसण्याआधी त्यांच्या पायातल्या साखळ्यांचा आवाज आला. पाच हत्ती एकामागून एक, पुढच्याचे शेपूट मागच्याच्या सोंडेत, असे रस्त्याने चालत मैदानाकडे गेले. मागून घोडे आणि उंट; पिंजरे तेवढे ट्रकवर होते आणि त्यांवर ताडपत्री घट्ट बांधलेली होती. शाळेत गेलो तेव्हा वर्गातली अर्धी मुले डोळे चोळत होती, त्यावरून कोण कोण पहाटे रस्त्यावर आले होते हे मास्तरांनाही कळले.

तंबू उभारताना पाहणे हा आमच्या दृष्टीने खेळाइतकाच मोठा सोहळा होता, आणि त्याला तिकीट नव्हते. आधी मैदानावर चुन्याने वर्तुळ आखत. मग लोखंडी मेखा ठोकण्याचे काम सुरू होई. एका मेखेभोवती पाच किंवा सहा खलाशी, म्हणजे तंबूचे कामगार, गोल उभे राहत आणि घणाचे घाव ओळीने घालत. एकाचा घण वर जातो आहे तोवर दुसऱ्याचा खाली येतो आहे, असे ते चाले. कोणी मोजत नसे, कोणी हुकूम देत नसे, आणि तरीही घणाला घण लागल्याचे मी एकदाही पाहिले नाही. मेखा पक्क्या झाल्या की मुख्य खांब उभे करत. त्यासाठी हत्तीच्या छातीला पट्टा बांधून दोर ओढवत, आणि खांब जमिनीपासून सुटून सरळ होऊ लागला की सारे मैदान गप्प होई. कापडाचे मोठे मोठे तुकडे जमिनीवर पसरून दोरीने एकमेकांना गुंफत आणि मग कप्प्यांवरून सारे छत एकदम वर चढवत. दुपारी मोकळे असलेले मैदान संध्याकाळी ओळखू येत नसे.

त्या मुक्कामात मकरसंक्रांतीच्या आसपास मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, झाला. मी आणि माझा थोरला भाऊ रात्रीच्या खेळाला गॅलरीत बसलो होतो. पावसाने छताच्या खोलगट भागात पाणी साचू लागले, तेव्हा खलाशी लांब बांबूंनी आतून कापड वर ढकलून ते पाणी बाहेर सांडवत होते आणि खाली खेळ चालूच होता. थोड्या वेळाने खेळ थांबवून आम्हाला शांतपणे बाहेर काढले. बाहेर पाहतो तो तीस-चाळीस माणसे भर पावसात प्रत्येक मेखेपाशी वाकून तणावे सैल करत होती. मला वाटले, वारा सुटला असता तणावे घट्ट करायला हवेत, मग हे उलटे का? भावाने एका म्हाताऱ्या खलाशाला विचारले. तो म्हणाला की तागाचा दोर भिजला की आखडतो. तो सैल केला नाही तर मेख उपटून काढतो, आणि एक मेख उपटली की शेजारच्या दोघींवर भार येतो. सकाळी ऊन पडले की हेच दोर पुन्हा ओढून घट्ट करावे लागतात, म्हणजे पावसाळी रात्री या माणसांना झोप नाही. मी पुढे चाळीस वर्षे बांधकाम खात्यात काम केले. भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कसा सरकतो, हे मला प्रथम त्या खलाशाने शिकवले.

आणखी एक गोष्ट. सकाळी तंबूच्या मागच्या बाजूची कनात थोडी उघडी असे आणि तेथून सराव दिसे. माझ्याच वयाची, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी झुल्यावर शिकत होती. रात्री चमचमत्या पोशाखात दिसणारी ती मुलगी सकाळी गुडघ्यावर रफू केलेले जुने मोजे घालून येई. तळहातांना पांढरी पूड चोळून ती शिडी चढे, झोका घेई, हात सोडी, पलीकडच्या माणसाच्या मनगटापर्यंत तिचे हात पोहोचत नसत आणि ती जाळीत पडे. मग जाळीच्या कडेवरून कोलांटी घेऊन उतरे आणि पुन्हा शिडीकडे जाई. खाली उभे असलेले तिचे वस्ताद आम्हाला न समजणाऱ्या भाषेत एखाददुसरा शब्द बोलत. एका सकाळी मी मोजले, ती चौदा वेळा पडली. पंधराव्या वेळी काय झाले ते मला पाहता आले नाही, कारण शाळेची घंटा चुकली असती. ती भाषा मल्याळम होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मराठी माणसांनी काढलेल्या धंद्यात सगळीकडे मल्याळम का ऐकू येत असे, याचा खुलासा स्वरमंडलजी करू शकतील का?

पशुवैद्य, निवृत्त

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरीस होतो आणि 1980 च्या दशकात मेळ्यातल्या जनावरांची तपासणी काही वर्षे माझ्याकडे होती. त्यामुळे सर्कस मला कनातीच्या मागच्या बाजूने अधिक माहीत आहे. मुरारवासी काकांच्या आठवणी वाचून आनंद झाला. तरी त्या चित्रातली एक बाजू लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो आणि तो रानात त्यासाठी दिवसाचे कित्येक तास चालत असतो. सर्कशीतला हत्ती पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीत अडकवून एकाच जागी उभा असे. कठीण आणि ओलसर जमिनीवर, स्वतःच्याच मलमूत्रात उभे राहून त्याचे तळवे मऊ पडत, नखांना भेगा जात आणि त्यांत पू होई. मी तपासलेल्या हत्तींपैकी बहुतेकांना पायाचे काही ना काही दुखणे होते. उभ्या उभ्या अंग सतत डावीकडे-उजवीकडे झुलवणारा हत्ती पाहून प्रेक्षक म्हणत की तो बँडच्या तालावर डोलतो आहे. बँड बंद असतानाही तो तसाच डोलत असे. ते कोंडलेल्या जनावराच्या मनाचे लक्षण आहे, आणि पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालणाऱ्या वाघाचेही तेच. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री पिंजऱ्यांभोवती गवताचे भारे रचून आणि ताडपत्र्या बांधून शक्य तेवढी ऊब केली जाई. पाणघोड्याच्या हौदात ऊन पाणी ओतावे लागे.

हे लिहिताना त्या माणसांवर मी अन्याय करू इच्छित नाही. एक म्हातारा माहूत मला आठवतो. त्याच्या हत्तिणीच्या नखाला भेग पडली होती. मी औषध लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहायला गेलो, तेव्हा तो शेकोटीवर कढईत कडुलिंबाचे तेल कोमट करून बोटाने त्या भेगेत भरत होता आणि हत्तीण पाय उचलून, तो सांगेपर्यंत तसाच धरून उभी होती. तो रात्री तिच्या पायाशीच झोपत असे. त्याचे स्वतःचे पाय थंडीने फुटलेले होते. त्याच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु मायेने साखळी लांब होत नाही.

केंद्र सरकारने 1998 च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती कायम केली. सर्कशी ओस पडल्या त्या या बंदीमुळे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बंदीने धक्का बसला हे खरे, पण गॅलऱ्या त्याआधीच रिकाम्या होऊ लागल्या होत्या. दूरचित्रवाणी घराघरांत आली, मैदानांवर इमारती उठल्या, आणि शे-दोनशे माणसांचा तांडा रोज पोसणे मालकांना झेपेनासे झाले. बंदी योग्यच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या नातवंडांनी वाघ सर्कशीत पाहिला नाही याचे मला समाधान आहे. त्यांनी उत्तम घोडेस्वारी आणि झुला पाहिला नाही याचे मात्र वाईट वाटते.

स्वरमंडल

पशुवैद्य महोदयांशी मी सहमत आहे. आपण शेवटी घोडेस्वारीचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण विष्णुपंतांची मूळ विद्या तीच होती.

मुरारवासी काकांच्या प्रश्नाचे उत्तरही छत्रे यांच्याच सर्कशीपाशी जाऊन पोहोचते. 1880 च्या दशकात ती केरळात तलश्शेरी येथे गेली. तेथे कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे गृहस्थ मुलांना व्यायाम आणि कळरीपयट्टूची मर्दानी विद्या शिकवीत असत. सर्कशीतल्या कसरती पाहून त्यांना आपल्या विद्यार्थ्यांचे भवितव्य दिसले. त्यांनी त्या दिशेने तालीम सुरू केली आणि 1901 मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्कर येथे सर्कशीचे रीतसर शिक्षण देणारी शाळा काढली. तेथून शिकून निघालेल्या कलावंतांनी पुढे देशभरच्या सर्कशी भरून टाकल्या आणि कालांतराने मालकीही बहुतांशी तिकडे गेली. जेमिनी सर्कस 1951 मध्ये दोन केरळी भागीदारांनी उभी केली, आणि तिचा पहिला खेळ झाला तो पूर्वी बडोदे संस्थानात असलेल्या बिलिमोऱ्याला. काकांनी पाहिलेल्या मुलीचे वस्ताद बहुधा याच परंपरेतले असावेत.

त्या मुलीविषयी एक सांगावेसे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यास मनाई केली. आज अकरा वर्षांची मुलगी अशी झुल्यावर दिसणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही ज्या जिद्दीने ती पंधराव्यांदा शिडी चढली ती मला आमच्या तालमीच्या खोलीतून नीट ओळखता येते. एकच तान गुरुजी वीस वेळा परत घ्यायला लावत आणि चुकल्याचे कारण सांगत नसत.

दौलतगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. काल भोपाळला जाऊन आत्यांना हा सारा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे काही भाग दोनदा वाचावा लागला. रहिमतखाँची हकिकत संपली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, 'चौथे तिकीट माझे होते.'

आबा, आजोबा, आजी आणि सहा वर्षांच्या आत्या असे चौघे त्या दिवशी गेले होते. टांग्यातली गोष्ट त्यांना आठवत नाही. त्या आजीच्या मांडीवर झोपून गेल्या होत्या. सर्कशीतले त्यांना दोनच गोष्टींचे स्मरण आहे. एक म्हणजे रिंगणातल्या ओल्या भुशाचा वास. दुसरी अशी की पांढऱ्या घोड्यावर एक बाई उभी राहिली, घोडा गोल धावू लागला, सारे लोक टाळ्या पिटू लागले, आणि आबा मात्र डोळे मिटून मांडीवर बोटांनी टापा मोजत होते. घोडा थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आजोबांना म्हणाले की चाबुकस्वार चांगला आहे, लय एकदाही सुटली नाही.

आत्यांना हे विचित्र वाटले होते. पैसे देऊन आत आलेला माणूस डोळे मिटून का बसतो, असे त्यांनी तेव्हा आजीला विचारले होते, आणि आजीने त्यांना गप्प केले होते.

आबांचे गाणे कोणाकडे झाले होते, हे मी आत्यांना विचारले. नाव त्यांना आठवेना. पण पेटीच्या तळाशी आणखी एक वही आहे, तिच्यात मोडीत काही चिजा लिहिलेल्या आहेत आणि ती मला वाचता येत नाही. ग्वाल्हेर किंवा इंदूरकडे मोडी वाचणारे कोणी या चर्चेत असल्यास कळवावे. मी वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवतो.